पेलागियाचं अंगण

पेलागिया तेरझोग्लूनं स्वतःचंच अंगण सहा वर्षं रोजंदारीवर खणलं. मी तिच्याबरोबर घमेली उचलायला होते. तिच्याबद्दल सांगायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि माझे गुडघे मला जिने चढू देत नाहीत, त्यामुळं दुपारभर मी बसूनच असते. म्हणून सांगते.

आमचं बेटावरचं लिमेनास गाव जुन्या ग्रीक शहराच्या डोक्यावर बसलंय. बंदर तेच, वेशीच्या जागा त्याच. संगमरवरी तट कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागून जातो, कोणाच्या ऑलिव्हच्या झाडांमधून वर डोंगरावर चढतो. इथं साधा संडास बांधायचा असला तरी पुरातत्त्व खात्याचा माणूस येऊन उभा राहतो, कारण कुदळ मारली की खालून काहीतरी निघतंच. बहुतेकांच्या वाट्याला एखादा दगड येतो, चार खापऱ्या येतात. खात्याचा माणूस कागदावर लिहून घेतो, कॉफी पितो आणि जातो. पेलागियाच्या वाट्याला आख्खं घर आलं.

तिचे आईबाप एकोणीसशे बावीस सालच्या युद्धाच्या पळापळीत समुद्रापलीकडून आलेले निर्वासित. सरकारनं त्यांना दोन खोल्या आणि भलंमोठं अंगण दिलं. बाप शिंपी होता. आई माक्रिना त्याच्या वरताण शिवायची. पेलागिया तिथंच जन्मली, तिथंच वाढली, आणि लग्न झाल्यावर नवऱ्यालाही तिथंच घेऊन आली. म्हणून कागदावर काहीही आडनाव असो, गाव तिला बापाच्याच नावानं ओळखायचं. नवरा आनेस्तिस संगमरवराच्या खाणीत कामाला होता. एकोणसत्तर साली एक लादी घसरून त्याच्या कमरेवर आली. त्यानंतर तो अंगणातल्या अंजिराखाली खुर्ची टाकून बसला तो बसलाच. घर चालवायला पेलागिया खानावळींच्या चादरी धुवायची, ऑलिव्हच्या दिवसांत झाडं झोडपायला जायची. तिला कधी कुठं टेकलेली मी पाहिली नाही. उभ्या उभ्याच जेवायची.

एकच मुलगी, सुमेला. त्र्याहत्तर साली तिचं लग्न ठरलं, फेरीबोटीवर वायरमन असलेल्या योर्दानिसशी. आमच्याकडं मुलीबरोबर घर द्यावं लागतं, निदान दोन खोल्या तरी. योर्दानिसची आई साखरपुड्यालाच बोलून गेली होती, "पोरगी सोन्यासारखी आहे हो तुमची. पण सोनं कोणी उघड्यावर ठेवतं का?"

अंगणात जागा होती, म्हणून पाया खणायला घेतला. खात्याचा मुकादम बार्बा-स्तेर्गिओस, म्हणजे स्तेर्गिओसकाका, नियमाप्रमाणं येऊन कडेला उभा राहिला. म्हातारा तेव्हाच साठीला आला होता, आणि गावातल्या प्रत्येकाच्या घराखाली काय आहे हे त्याला वरच्या घरापेक्षा जास्त ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुदळ खणकन वाजली. तो खाली उतरला, हातानं माती सारली. नीट घडवलेला दगड, त्याला लागून दुसरा, मग भिंतीचा काटकोनातला कोपरा.

"झालं," तो वर बघत म्हणाला. "कीरा-पेलागिया, कॉफी टाक. आता घाई करण्यात काही अर्थ नाही."

खरंच नव्हता. काम थांबवल्याचा कागद आला. खणून बघितल्याशिवाय बांधायची परवानगी नाही, आणि खणायला खात्याकडं माणसं कमी, खड्डे जास्त. वर्ष गेलं, आणखी अर्धं गेलं. लग्न दोनदा पुढं ढकललं. पावसात अर्धवट पाया भरायचा, त्यात बेडूक व्हायचे. आनेस्तिस म्हणायचा, "सुमेला, योर्दानिसला सांग, घर तयार आहे, बिऱ्हाडकरूही आलेत."

पंचाहत्तरच्या वसंतात एकदाच्या खात्याकडून खणायला इस्मिनीबाई आल्या. तिशीतली बाई, सिगारेट सारखी विझायची आणि सारखी पेटवायची. त्यांना मजूर हवे होते. मी माझं नाव दिलं, एर्मिओनी, कारण माझं लग्न मोडून मी तेव्हा माहेरी परत आले होते आणि भावजयीच्या तोंडासमोर दिवसभर बसण्यापेक्षा उन्हात उभं राहणं बरं वाटायचं. माझ्यामागून पेलागिया आली. डोक्याला रुमाल बांधून.

"मलाही घ्या कामावर."

बाई गोंधळल्या. "अहो, पण जमीन तुमची आहे."

"जमीन माझी, हातही माझे. दुसऱ्या कोणाला द्याल ते मला द्या."

"रागानं म्हणताय का?"

"राग करायला वेळ नाहीय माझ्याकडं. कधीपासून येऊ?"

सुमेलानं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "लोकांच्या आया जमीन सोडवायला काव्हालाच्या कचेऱ्यांत खेटे घालतात! आणि तू? त्यांचीच घमेली उचलणार? तुला माझं लग्न व्हायला हवंय की नकोय?" पेलागियानं बाह्या वर सारल्या. भांडी घासत राहिली. मला त्या वेळी सुमेलाचंच बरोबर वाटलं होतं.

खणायचं काम म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला वाटतं खजिना शोधतात. दिवसभर तुम्ही ओणवे असता. थापीनं माती खरवडायची, घमेल्यात भरायची, घमेलं उचलून चाळणीवर ओतायचं, चाळायचं, खापऱ्या वेगळ्या करायच्या, माती हातगाडीत टाकायची. परत ओणवं व्हायचं. दुपारी भाकरी, ऑलिव्ह, टोमॅटो. संध्याकाळी पाठ सरळ करताना डोळ्यांपुढं काजवे. पेलागिया आधीच थकलेली आली होती, आणि त्या थकव्यावर तिनं हे काम घेतलं.

पण तिचे हात वेगळेच होते. मातीचा रंग बदलायच्या आधी तिला ते बोटांना कळायचं. "इथं मऊ लागतंय," म्हणायची, आणि खरंच तिथं जुन्या खड्ड्याची कड निघायची. पहिल्याच वर्षी तिनं एका खोलीत मातीची छोटी वजनं उघडी केली, भोकं पाडलेली, माग ताणून धरायला लावतात तसली. एकही जागेवरून न हलवता. एका ओळीत पडली होती. बाईंनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "माग इथं भिंतीशी उभा होता. पडला तसाच राहिला."

"दाराजवळ होता," पेलागिया म्हणाली.

"दार कुठंय? दार अजून सापडलेलं नाही."

"सापडेल. उजेड असल्याशिवाय कोण विणायला बसेल?"

आठवड्यानं उंबरठा सापडला, चार पावलांवर. बाईंनी त्या दिवसापासून नाजूक काम आलं की आधी तिलाच हाक मारायला सुरुवात केली.

हळूहळू घर उघडं होत गेलं. मधलं फरसबंदी अंगण, विहीर, सांडपाण्याची नाली, चुलीची जागा. विहिरीच्या गाळातून वाइनच्या रांजणांचे कान निघाले, त्यांवर आमच्या बेटाचा शिक्का: मधे डॉल्फिन नाहीतर द्राक्षाचा घड, भोवती "थासियन लोकांचं", म्हणजे आम्हा बेटवाल्यांचं, असं लिहिलेलं आणि त्या वर्षीच्या अधिकाऱ्याचं नाव. स्तेर्गिओसला ते शिक्के बघून दरवेळी चेव यायचा. "इथली वाइन काळ्या समुद्रापर्यंत जायची! भेसळ करू नये म्हणून दगडावर कायदा कोरला होता! आणि आता बघा, आनेस्तिस काय पाजतो आपल्याला."

"नको पिऊस मग," आनेस्तिस अंजिराखालून ओरडायचा.

तो काही तिथून हलला नाही. बाईंनी दोनदा विनंती केली. तो म्हणाला, "ह्या झाडाखालून मला उठवायचं तर आधी त्या अडीच हजार वर्षांच्या लोकांची सही आणा." शेवटी बाईंनी अंजिराभोवतीची माती तशीच सोडली. खड्ड्यांच्या मधे असा एखादा बांध नाहीतरी ठेवावाच लागतो, थर कसे चढले ते त्याच्या बाजूला वाचता येतात. त्यामुळं पुढची कित्येक वर्षं मधे मातीचा एक चौथरा, त्यावर अंजीर, अंजिराखाली खुर्ची आणि खुर्चीत आनेस्तिस, चारी बाजूंनी खड्डा. जायला-यायला फळी टाकली होती. पेलागिया घमेलं खाली ठेवून त्या फळीवरून त्याला जेवण नेऊन द्यायची आणि परत खाली उतरायची.

"आज तुझे मेलेले काय म्हणाले?" तो विचारायचा.

"म्हणाले, तुमच्यापेक्षा आमचेच नवरे कामाचे होते."

शहात्तरच्या शरदात योर्दानिसच्या आईनं अंगठी परत पाठवली. फार ओरडाआरडा झाला नाही. तीन वर्षांत सगळे इतके दमले होते की कोणात जोर नव्हता. योर्दानिसचं पुढं पाच महिन्यांत लग्न झालं, पोतोस गावच्या मुलीशी. सुमेला चुलतबहिणीबरोबर श्टुटगार्टला कारखान्यात कामाला निघाली. बोटीवर चढताना तिनं बापाला मिठी मारली, मला मारली. आईला म्हणाली, "तुझ्या दगडांना माझा नमस्कार सांग."

पेलागिया बंदरावरून सरळ खड्ड्यात आली. रुमाल बांधला आणि कामाला लागली. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "मिओनी, चाळणी धर."

आता अठ्ठ्याहत्तर सालचं सांगते. जून महिना होता. आम्ही सगळ्यांत खालच्या थरात होतो. वरच्या घराच्याही खाली आणखी जुनं घर होतं, त्याची मातीनं चोपलेली जमीन बाईंनी आदल्या दिवशी मोजून, चित्र काढून, एका कोपऱ्यात काढायला घेतली होती. पेलागिया त्या कोपऱ्यात. मी वर, घमेलं घ्यायला. बाई बंदरापलीकडं दुसऱ्या खड्ड्यावर गेल्या होत्या.

बराच वेळ घमेलं आलं नाही. मी वाकून बघितलं. पेलागिया मांडी घालून बसली होती. तिला अशी बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. तिच्यासमोर एक दोन कानांचा रांजण आडवा पडलेला, तोंडाला चपटा दगड लावलेला. एका बाजूनं फुटला होता आणि आत बारीक हाडं होती. कोंबडीची असतात तशी. पण डोक्याचं हाडही होतं, अंड्याच्या टरफलासारखं पातळ.

मी खाली उतरले. "बाईंना बोलावते."

"थांब." तिनं माझा हात धरला. "थांब जरा. हा आमचा असेल."

मला कळेचना. मग तिनं सांगितलं. बेचाळीसचा हिवाळा. बेटावर बल्गेरियन फौज. बापाला सक्तीच्या मजुरीला उत्तरेत नेलेलं. घरात खायला उकडलेला पाला. माक्रिनाला मुलगा झाला आणि आठ दिवसांत गेला. आमचे पाद्री त्यांनी हाकलून दिले होते. चर्चमध्ये त्यांचा पाद्री, त्यांची भाषा, आणि दफन करायचं तर नाव त्यांच्या वहीत त्यांच्या पद्धतीनं लिहायचं. माक्रिना म्हणाली, माझ्या मुलाला मी त्यांच्या वहीत घालणार नाही. तिनं त्याला पहाटे अंगणात पुरलं. अकरा वर्षांच्या पेलागियाला घरात कोंडून. कुठं पुरलं ते कधीच सांगितलं नाही, मरताना विचारलं तरी नाही.

"पाया खणायला घेतला तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही," पेलागिया म्हणाली. "म्हटलं, कोणाची तरी कुदळ त्याच्यावर बसणार. बसायचीच असेल तर माझी थापी बसू दे."

"आणि सुमेलाला का नाही सांगितलंस हे?"

"काय सांगू? की तुझ्या बोहल्याखाली माझा भाऊ आहे?"

ती म्हणाली, "अंगणात असे जुने रांजण पडलेले असायचे तेव्हा. आई त्यात लोणच्याचे ऑलिव्ह घालायची. त्यातलाच घेतला असेल तिनं."

बाई दुपारी आल्या. पेलागियानं त्यांना सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, आवाज न चढवता. बाईंनी सिगारेट विझवली आणि पालथ्या पडून तासभर बघितलं. कोपऱ्याची कड कापून आम्हाला दोघींना दाखवली. रांजणाच्या वर चोपलेल्या जमिनीचा थर सलग होता, पोळीच्या पापुद्र्यासारखा. त्याच्यावर राख, राखेवर वरच्या घराची फरशी.

"नंतर कोणी खड्डा केला असता तर हे सगळं तुटलं असतं. इथं उभी रेघ दिसली असती, रंग बदलला असता," बाई म्हणाल्या. "हे मूल ह्या जमिनीच्या आधीचं आहे, कीरा-पेलागिया. चोवीसशे वर्षं तरी झाली. तुमचा भाऊ नाही हा."

"नक्की?"

"नक्की."

पेलागियानं मान हलवली. तिला बरं वाटलं की वाईट, ते मला अजूनही सांगता येणार नाही. मग तिनं विचारलं, "ते लोक घरातच पुरायचे का?"

"नाही. तटाच्या बाहेर नेत. घरात असं फारसं सापडत नाही."

"मग ह्याला का नाही नेलं?"

बाई बोलायला तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, रांजणाच्या घडणीवरून साधारण ज्या काळातलं वाटतं, त्या सुमारास अथेन्सच्या आरमारानं शहराला वेढा घातला होता. तिसऱ्या वर्षापर्यंत चालला. शेवटी शहर शरण गेलं, त्यांनी तट पाडायला लावला, जहाजं काढून घेतली. "तेव्हा वेशी बंद असणार."

"झालं तर. तसंच लिहा."

"लिहिता येत नाही. हे मूल त्याच वर्षांत गेलं ह्याला पुरावा नाही. वीस वर्षं आधीचं असेल, नंतरचं असेल."

"आमच्या वेळी तर वेशी उघड्या होत्या," पेलागिया म्हणाली. "तरी नेता आलं नाही."

बाईंनी रोजवहीत रांजणाची मापं लिहिली, खोली लिहिली, हाडांची यादी लिहिली. वेढ्याबद्दल लिहिलं नाही. रांजण पेटीत भरून गोदामात गेला. दुसऱ्या दिवशी पेलागिया त्याच कोपऱ्यात होती.

मी तिला म्हटलं, "आता तरी सोड हे काम. एवढी कंबर धरून चालतेस."

"अजून सगळं अंगण झालेलं नाही," ती म्हणाली.

आणखी तीन वर्षं गेली. सुमेलानं तिकडंच द्रामा गावच्या एका मुलाशी लग्न केलं, फोटो पाठवला. आनेस्तिसनं तो खिशात ठेवला, पेलागियानं आरशाला खोचला. स्तेर्गिओस पेन्शनवर गेला, तरी सकाळी येऊन उभा राहायचा आणि नव्या मुकादमाला नावं ठेवायचा. एक्क्याऐंशीच्या सप्टेंबरात बाईंनी सांगितलं की काम संपवायचं आहे, आणि त्याआधी मधला बांध काढायला हवा. म्हणजे अंजीर तोडायला हवं.

आम्हाला वाटलं आता आनेस्तिस तमाशा करणार. त्यानं काहीच केलं नाही. फळीवरून हळूहळू, पेलागियाच्या खांद्यावर हात टाकून आला, घरात गेला आणि खिडकी लावून घेतली. "तोडा," आतून म्हणाला. "तसंही यंदा अंजिरं किडकीच होती."

झाड दोन दिवसांत गेलं. मुळं काढायला आठवडा लागला, कारण बाई करवत लावू देईनात; एकेक मूळ कापून, झाडून काढायचं. सहाव्या दिवशी पेलागियाची थापी थांबली. ह्या वेळी तिनं स्वतःच बाईंना हाक मारली.

मुळांच्या जाळ्यात कुजलेल्या फळ्या होत्या, चार बोटं उंचीची एक चौकट. एका बाजूला पितळेची छोटी मूठ, फुलाच्या आकाराची. आत हाडं, आणि एक निळा मणी.

पेलागियानं मूठ अंगठ्यानं पुसली. "आईच्या शिवणयंत्राचा खण आहे हा," ती म्हणाली. "एका बाजूचा खण नव्हताच त्याला. मी विचारलं तर म्हणायची, युद्धात हरवला."

माक्रिनानं अंजीर त्याच वसंतात लावलं असणार. पेलागिया पुढं मला म्हणाली की आई त्या झाडाचं एकही अंजीर खायची नाही. घरादाराला वाटायचं, तिला सोसत नाहीत.

बाईंच्या हातात रोजवही होती. नियम काय आहे ते त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. त्यांनी पेन्सिल काढून एक ओळ लिहिली, ती मी वाचली: 'अर्वाचीन खड्डा, झाडाच्या मुळांनी विस्कळीत.' मग वही मिटली. "पाद्रीबुवांना मी सांगून येते," म्हणाल्या. "तुम्ही त्याला काढा. तुमच्याच हातांनी काढा."

पेलागियानं सबंध दुपार लावली. एकेक हाड कुंचल्यानं साफ करून मऊ कापडावर ठेवलं. मी तिच्या शेजारी बसून कापड धरलं होतं. खिडकी उघडून आनेस्तिस बघत होता. "मी बारा वर्षं त्याच्यावर बसलो होतो की गं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"जड नव्हतास तू," पेलागिया म्हणाली.

पाद्री प्रोद्रोमोस संध्याकाळी आले. त्यांनी विचारलं, "बाप्तिस्मा झाला होता का?"

"आईनं तीनदा हवेत उचलून धरलं आणि नाव घेतलं. अवराम. मी बघितलंय."

"पुरे तेवढं," पाद्री म्हणाले. मरणाऱ्या मुलाला पाणी, पाद्री काही मिळत नसेल तर तसंच करतात. त्यांनी प्रार्थना म्हटली, आणि हाडं पत्र्याच्या छोट्या पेटीत घालून स्मशानातल्या अस्थिघरात माक्रिनाच्या पेटीशेजारी ठेवली. पेलागिया घरी आली आणि रात्रभर आणि दुसरा सबंध दिवस झोपली. कोणी उठवलं नाही.

काम संपलं. घर महत्त्वाचं ठरलं, म्हणून अंगण सरकारनं घेतलं, भोवती तारेचं कुंपण घातलं. पेलागियाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती विहीर, तो उंबरठा, ती चूल दिसायची. उन्हाळ्यात प्रवासी येऊन फोटो काढायचे आणि कधी कधी तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांचेही काढायचे. इस्मिनीबाईंनी आम्हा दोघींना गोदामात खापऱ्या धुवायचं काम दिलं. बादलीवर स्टुलं टाकून बसायचो. तिथं तिला बसायला मिळालं, तोवर कंबर पुरती गेली होती. आनेस्तिस शहाऐंशीत गेला. सुमेला दफनाला आली, तीन दिवस राहिली. आईशी बोलली, पण हॉटेलात पाहुण्यांशी बोलतात तसं. मी पेलागियाला म्हटलं, सांग तिला आता. तर म्हणाली, "इतक्या वर्षांनी सांगितलं तर तिला वाटेल मी माफी मागतेय. आणि मग तिला द्यावी लागेल. कशाला तिला कामाला लावू?"

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये ती काव्हालाच्या इस्पितळात वारली. छातीत पाणी झालं होतं. वारा इतका होता की बोटी बंद. तिला गावी आणायला दोन दिवस लागले.

आमच्याकडं पाच-सात वर्षांनी कबर उघडतात, हाडं काढून वाइननं धुतात आणि पेटीत ठेवतात. हे काम घरच्या बाईनं करायचं असतं. दोन हजार नऊच्या ऑगस्टमध्ये सुमेला त्यासाठी आली. केस पांढरे, हातात महागडी पर्स. कबरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "एर्मिओनीमावशी, मला नाही जमणार."

"नको करूस. तू वाइन ओत, मी धुते."

माझ्या हातांना वेळ लागला नाही. पाठीचे मणके एकमेकांना चिकटलेले होते, तीन-चार तर एकच झालेले. सुमेला ते बघत होती. मी म्हटलं, "ओणवं राहून राहून." ती वाइन ओतत राहिली.

पेटी ठेवायला अस्थिघरात गेलो तेव्हा तिनं शेजारच्या फळीवरचं वाचलं. माक्रिना तेरझोग्लू. त्याच्याजवळ अवराम तेरझोग्लू, एक हजार नऊशे बेचाळीस.

"हा कोण?"

मी तिला बाहेर पायरीवर बसवलं आणि सांगितलं. पाया खणला तिथपासून. संपल्यावर सुमेला म्हणाली, "मला वाटायचं तिला दगडच जास्त आवडतात."

"तिला दगड अजिबात आवडायचे नाहीत. दर संध्याकाळी शिव्या घालायची."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुझं घर झालं असतं?"

"नाही." तिनं पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, हातावरची वाइन पुसत बसली. "घर नसतं झालं. पण मी तशी निघून गेले नसते. निदान बंदरावर तसं बोलले नसते." मग रुमालाची घडी घालत म्हणाली, "माझा नातू आठ दिवसांचा असताना इस्पितळात काचेच्या पेटीत होता. तेव्हा मी तिला फोनसुद्धा केला नव्हता. म्हटलं, तिला काय कळणार."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली नाही, नुसती दमलेली दिसत होती.

तिची बोट चारची होती. मी तिला म्हटलं, काहीतरी खाऊन जा, तर म्हणाली भूक नाही. बॅग मी उचलायला गेले, तिनं उचलू दिली नाही. बंदरापर्यंत आम्ही हळूहळू चालत गेलो, वाटेत मला दोनदा बसावं लागलं, आणि दोन्ही वेळा ती माझ्याजवळ बसून राहिली.